सीटमधला कीस

ट्रॅक्टर वजनकाट्यावर चढला तेव्हा घरातले सगळे श्वास रोखून उभे होते. आकडा कमी यावा म्हणून प्रत्येकाचा जीव टांगणीला लागलेला. वहिनी एकटीच मनातल्या मनात घोकत होती, जड निघू दे, जड निघू दे.

तिला घरात सगळेच वहिनी म्हणत. दीर-नणंद म्हणत ते ठीकच होतं, पण शेजारपाजारचे, दुकानदार, समोरचा भंगारवाला, इतकंच काय, रागात असला की नवराही वहिनीच म्हणे. मोटारींच्या आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवण्याचा तिचा धंदा होता. वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात तिचं जाड सुईचं मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात नणंदेचा लेथ, आणि मधल्या जागेत गेला हिवाळाभर हा ट्रॅक्टर, पोट फाडून ठेवलेल्या माशासारखा.

त्याला आता ट्रॅक्टर म्हणणंही धाडसाचंच होतं. बॉनेट गेलं, मडगार्ड गेले, दिवे गेले, मागचे लिफ्टचे हात गेले. पुढचा ओतीव लोखंडाचा सांगाडा काढून नणंदेने पाइपची चौकट बसवली होती, आणि त्या पाइपांच्या पट्ट्यांनाही इतकी भोकं पाडली होती की सासरे, म्हणजे अण्णा, म्हणाले, "आता यातून चहा गाळा." इंजिन आणि मागचा गिअरबॉक्स तेवढा जुना राहिला होता. मागच्या बाजूला दोन छोट्या चाकांचे हात जोडले होते, ओढताना नाक वर उठलं तर टेकायला.

हा सगळा खटाटोप ओढण्याच्या शर्यतीसाठी. मागे वजनाची घसरगाडी बांधायची आणि ती कोण जास्त लांब ओढतो ते बघायचं. यांनी नाव दिलं होतं ते हलक्या गटात, आणि तिथला नियम सरळ होता: चालकासकट साडेनऊशे किलो, त्यावर एक छटाकही नाही. यंत्र जितकं हलकं बनेल तितकी उरलेली जागा आपल्या हातात. त्या जागेत लोखंडी पट्ट्या लावायच्या, त्याही नाकावर, म्हणजे पुढची चाकं जमिनीवर राहतात आणि ओढ नीट बसते. अंगावरचं बिनकामाचं वजन काढून ते कामाच्या जागी नेऊन ठेवायचं, एवढंच या विद्येचं सार. एवढ्याशा गोष्टीपायी घरात चार माणसं एकमेकांशी वर्षभर भांडत होती.

आधीचं भांडण कापायचं की नाही याचं होतं. ट्रॅक्टर अण्णांनी घेतलेला, थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, त्यावरच चालवायला शिकलेला. जुन्या जड गटात त्याने याच ट्रॅक्टरवर शर्यती मारल्या होत्या. तो आणि अण्णा एका बाजूला, बारकी आणि धाकटा दुसऱ्या. धाकटा म्हणजे दीर, बारकी म्हणजे नणंद. उंचीने घरात सगळ्यांत मोठी, पण लहानपणी पडलेलं नाव काही तिला सोडत नव्हतं. शेवटी थोरल्याने एका अटीवर मान डोलावली. कापा, पण चालवणार मी. बारकीने तिथल्या तिथे शब्द दिला, आणि हिशेबी असल्यामुळे शब्दाला शेपूटही लावलं: दादा बसल्यावर पुढे निदान तीस किलो पट्ट्या लावता आल्या पाहिजेत. नाही आल्या, तर ती स्वतः बसणार, कारण ती त्याच्यापेक्षा चांगली वीस-बावीस किलोंनी हलकी होती.

त्या शेपटाला वहिनी लटकली होती.

कारण थोरल्याचा डावा पाय गेला होता. गेला म्हणजे दिसायला होता, चालतही होता. पण पावलात काही कळत नव्हतं. वहिनीच्या हे लक्षात आलं ते एका सकाळी. तो अंगणातल्या नळावरून घरात आला, चहा पिऊन परत बाहेर निघाला, आणि तिने पाहिलं की त्याच्या एकाच पायात चप्पल आहे. दुसरी नळापाशी चिखलात रुतून बसलेली. "अहो, चप्पल," ती म्हणाली. तो खाली बघत राहिला. त्याला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, कमरेत नस दबली आहे, ऑपरेशन करून घ्या, लवकर केलं तर बरं. थोरला म्हणाला, करू की, शर्यत झाल्यावर.

"आणि क्लच?" वहिनीने विचारलं होतं. इतकी वर्षं या वर्कशॉपमध्ये बसून तिला एवढं कळत होतं. शर्यतीत सगळा खेळ डाव्या पायाचा. साखळी हळूहळू ताणत क्लच सोडायचा, अगदी केसाकेसाने. तो झटक्यात सुटला तर नाक आभाळाकडे जातं, नाहीतर क्लचची प्लेट फुटून तुकडे उडतात, आणि ते तुकडे चालकाचे पाय सोडून दुसरीकडे कुठे जात नाहीत.

"सवयीने जमतं मला. डोळे मिटूनही जमेल," तो म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "कुणाला बोललीस ना, तर आपलं बोलणं संपलं. कायमचं."

दुसऱ्या कुठल्या घरात ही धमकी हसण्यावारी गेली असती. या घरात नाही. अण्णांनी सख्ख्या भावाशी एका विहिरीच्या पंपावरून अबोला धरला होता, आणि भाऊ गेला त्या दिवशीही त्याच्या दारात ते गप्पच उभे होते. हट्ट या लोकांच्या रक्तात होता. वहिनीने शब्द दिला, आणि दिल्याक्षणी तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

तेव्हापासून तिची सगळी भिस्त त्याच्या वजनावर. ती त्याला आग्रहाने वाढू लागली. तर हा गडी जिद्दीने उपाशी राहू लागला. दुपारचं जेवण बंद, रात्री नुसतं ताक. पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. इकडे बारकीही इरेला पेटलेली. दादाला बसता यावं म्हणून रोज आणखी कुठेतरी भोक पाडायची, आणखी काही तासायची. वहिनीला तिची माया दिसत होती. पोरगी भावाला मरणाच्या सीटवर बसवण्यासाठी जिवाचं रान करत होती, आणि तिला ते सांगायची सोय नव्हती.

वर्कशॉप झाडायचं काम वहिनीचं. एका संध्याकाळी लेथखालचा लोखंडाचा कीस सुपात भरताना ते सूप हाताला चांगलंच जड लागलं. ती तशीच उभी राहिली. सीट अजून शिवायची होती.

तिने जाड कॅनव्हासची दुहेरी पिशवी शिवली, कीस दाबून भरला, सपाट केली आणि वर फोम लावून काळ्या कव्हरमध्ये बसवली. बारकी दिवसभरात चौकटीतून जे काढे, त्यातलं बरंचसं वहिनी सीटमध्ये परत घाली. टोचून टोचून बोटांची चाळण झाली. सीट बसवलीही तिनेच, "तुमच्या तेलकट हातांनी कव्हरची वाट लावाल" असं म्हणून.

"नऊशे तीस!" काट्याच्या खोलीतून भंगारवाला ओरडला.

थोरला सीटवरच होता. त्याचा चेहरा पडला. पट्ट्यांना उरले वीस. वहिनीने हळूच श्वास सोडला.

"शक्यच नाही," बारकी म्हणाली.

"काटा सरकारी शिक्क्याचा आहे हो," भंगारवाला खिडकीतून म्हणाला.

"तुमच्या काट्याला नाही म्हणत मी. माझ्या हिशेबाला म्हणतेय. काढलेला एकेक तुकडा मी तोलून ठेवलाय. नऊशे पंधराच्या वर जायलाच नको. दादा, तू काल किती भरलास?"

"ब्याऐंशी. खोटं कशाला सांगू? पाणीसुद्धा मोजून पितोय."

"टाकीत डिझेल किती आहे?"

"तळाशी," धाकटा म्हणाला. तो स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला होता, आणि घरातलं कुठलंही कोडं म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार असल्यासारखा त्याच्याकडे बघायचा. "मागच्या टायरमध्ये पाणी तर राहिलं नाही ना? शेतात भरायचो तसं?"

"टायर नवे आहेत, गाढवा."

"जाऊ दे ना आता," वहिनी म्हणाली. तिला वाटलं आपण सहज बोललो. "ठरलं होतं तसं करा. बारकी बसेल. तिलाही येतंच की चालवायला."

"दादाला शब्द दिलाय मी," बारकी म्हणाली. "पंधरा किलो हवेत राहत नाहीत वहिनी. कुठेतरी आहेत ते."

ट्रॅक्टर ढकलत वर्कशॉपसमोरच्या मोकळ्या जागेत आणला. भंगारवाल्याकडून लहान काटा मागवला आणि सुटे भाग एकेक करून त्यावर चढू लागले. बॅटरी, पुढची चाकं, आधाराचे हात. प्रत्येकाचं वजन बारकीला तोंडपाठ होतं आणि प्रत्येकाचं बरोबर निघत होतं. अण्णा बाकावर बसून बघत होते. थोरला फेऱ्या मारत होता, आणि डावा पाय टाकताना दर वेळी खाली बघत होता. ते बघणं वहिनीशिवाय कुणालाच दिसत नव्हतं.

"सीट राहिली," धाकटा म्हणाला.

"सीटचं काय वजन असणार?" वहिनी म्हणाली. "फोम तर आहे."

पण त्याने तोवर बोल्ट सैल केले होते. एका हाताने उचलायला गेला आणि हात तिथेच अडकला. मग दोन्ही हात लावले. "आयला," तो म्हणाला, आणि वहिनीकडे बघितलं.

बारकीने कटर घेतला आणि सीटला खालून एक लांब चीर दिली. कीस भसाभस खाली आला. लोखंडाच्या बारीक कुरळ्या तारा, अॅल्युमिनियमचा चुरा. त्यात काही निळ्या पडलेल्या चकत्या होत्या. बारकीने त्यातली एक उचलून धरली.

"ड्रिल बोथट झालं होतं तेव्हाची आहे ही. धूर निघत होता तरी मी थांबले नव्हते." मग तिचा आवाजच बदलला. "माझाच कीस आहे. वहिनी, मी काढायचा आणि तू भरायचा?"

"हो," वहिनी म्हणाली. "मीच भरला."

इतका वेळ भंगारवालाही कुंपणापाशी उभा होता. तो निमूटपणे आत निघून गेला.

"पण का?" धाकटा म्हणाला. "दादाने चालवायला नको असेल तर तोंडाने सांगायचं ना. आमच्या मेहनतीची माती कशाला?"

"नको होतं मला."

"कारण काय?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता तरी हा बोलेल. एवढी मानहानी आपल्या बायकोची कुणी उघड्या डोळ्यांनी बघत नाही.

थोरला हसला. "अरे जाऊ द्या रे. घाबरते ती. बायकांना भीती वाटते असल्या गोष्टींची. आल्यापासून घाबरतच आलीय." आणि तिच्या पाठीवर थोपटल्यासारखं केलं.

वहिनीला लग्नानंतर या घरात कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं. राग तर आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्याच्या त्या हसण्याचं.

"भीती वाटली म्हणून असं?" बारकीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला लपवताही येत नव्हतं. "तुला सगळ्यांत जवळची समजत होते मी. चहा द्यायला यायचीस, शेजारी बसायचीस, बोटं दुखतात का गं विचारायचीस. आणि जाताना सूप भरून न्यायचीस!"

"ही सूनबाई," अण्णा बाकावरून म्हणाले, "भीत नाही. भिणारी बाई एवढं चिकाटीने करत नाही. दुसरं काहीतरी आहे."

"काही नाही अण्णा," थोरला घाईने म्हणाला. "बारके, फोमची नुसती घडी घाल त्या सीटवर. परत काट्यावर घेऊ."

सगळे भाग जोडून परत घेतलं. नऊशे पंधरा. पट्ट्यांना पस्तीस. धाकट्याने शीळ घातली. बारकीने डोळे पुसले आणि भावाच्या पाठीत जोरात धपाटा घातला. अण्णाही उठून उभे राहिले. क्षणभर सगळे वहिनीला विसरले.

"आत्ताच एकदा ओढून बघू," थोरला म्हणाला. "ट्रॉली भरलेलीच आहे."

ट्रॉलीत सिमेंटचे ठोकळे होते. धाकट्याने साखळी अडकवली. बारकीने नाकावर पट्ट्या लावल्या, बोल्ट आवळले, इंजिन बंद करायची दोरी भावाच्या मनगटाला बांधली. थोरला सीटवर चढला. डावं पाऊल क्लचवर ठेवलं, वाकून बघितलं, जरा सरकवलं, परत बघितलं. इंजिन सुरू झालं तसे वर्कशॉपचे पत्रे थरथरू लागले.

वहिनी जाऊन ट्रॅक्टरसमोर उभी राहिली. अगदी नाकाला पोट लावून.

"बाजूला हो!" थोरला ओरडला.

ती हलली नाही. धाकटा धावत आला, दंडाला धरून ओढू लागला. तिने हात झटकला आणि पुढची पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरली. बारकीने पुढे होऊन मनगटाची दोरी खेचली. इंजिन बंद पडलं.

"वहिनी, वेड लागलंय का तुला?"

"मी काही सांगणार नाही," वहिनी नवऱ्याकडे बघत म्हणाली. इंजिन बंद झालं तरी ती ओरडूनच बोलत होती. "शब्द दिलाय, मी तो पाळणार. पण बाजूला होईन असा शब्द नव्हता दिला. तुम्ही सांगा यांना. नाहीतर मी इथेच उभी आहे. शर्यतीच्या दिवशीही अशीच उभी राहीन, हजार माणसांसमोर. मग बोला नाहीतर जन्मभर बोलू नका, तुमची मर्जी."

"काय सांगायचंय?" बारकीने विचारलं.

थोरल्याने स्टिअरिंग धरून ठेवलं होतं. आता हा उतरून चालता होणार, वहिनीला वाटलं, आणि मग अण्णांसारखाच, दारात येऊन उभा राहिला तरी बोलणार नाही. पट्टी मात्र तिने सोडली नाही.

"दादा," धाकटा म्हणाला, "काय झालंय?"

थोरला उतरला. उतरताना डाव्या पायाकडे बघून, हाताने धरून, जपून. आता ते सगळ्यांनीच पाहिलं. तो अण्णांच्या शेजारी बाकावर बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. बूट काढला, मोजा काढला. पाऊल नेहमीसारखंच होतं, गोरं, जरा सुजलेलं.

"ती पत्र्यावर रेघ मारायची टोचणी आण, बारके."

"कशाला?"

"आण म्हणतो ना."

बारकी टोचणी घेऊन आली आणि त्याच्यासमोर खाली बसली. थोरल्याने पाऊल तिच्या मांडीवर ठेवलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हिचं काही चुकलं नाही," तो भिंतीला म्हणाला. "मघाशी मी हसलो ते चुकलं. आता टोच. तळव्यात. चांगली जोरात."

बारकीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान हलवली. बारकीने टोचणीचं टोक तळव्याला लावलं, हलकेच दाबलं, मग आणखी दाबलं. अण्णांनी पुढे वाकून बघितलं आणि मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. तळव्यातून रक्ताची बारीक धार निघून टाचेकडे गेली. बारकीने टोचणी काढून घेतली आणि दोन्ही हातांनी ते पाऊल धरून बसली.

थोरला भिंतीकडेच बघत होता.

"टोच ना गं," तो म्हणाला. "मी वाट बघतोय."